संगीत ट्रस्टच्या समन्वयक ताईंचा परिचय: टॉवेल कारखान्याची नोकरी लिहायची का, आणि ‘आवडतं संगीत’ कसं लिहायचं?

पेटीवाला_सोलापूर

सोलापुरातल्या एका लहान संगीत ट्रस्टचा वार्षिक अहवाल आणि वेबसाइट यांचा मजकूर करायचा आहे. ट्रस्टची कामं दोन: शाळकरी मुलांना तबला-पेटी वर्षभर वापरायला देणं आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांची फी भरणं. पगारी माणसं तीनच. त्यातल्या कार्यक्रम समन्वयक ताईंच्या परिचयापाशी घोडं अडलंय.

त्यांनी दिलेली माहिती एवढीच: बी.कॉम.; अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात ७ वर्षं, आधी स्टोअर, मग डिस्पॅच; नंतर ४ वर्षं एका पतसंस्थेत, पिग्मी (दारोदार जाऊन गोळा करायची रोजची छोटी बचत) आणि वसुली; तबल्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत; भजनी मंडळात पखवाज. आवडीच्या रकान्यात ‘सर्व प्रकारचे चांगले संगीत ऐकायला आवडते’.

कार्यालयातून आलेला मसुदा असा: ‘बालपणापासूनच संगीताची गोडी असलेल्या, तबला विशारद, संगीतसेवेस वाहून घेतलेल्या आमच्या विश्वस्त...’ कारखाना आणि पतसंस्था त्यात गायब. ‘संगीताच्या ट्रस्टमध्ये टॉवेल कशाला’ असं म्हणणं आहे.

नोकऱ्या ठेवायच्या की नाही? आवडीचा भाग कसा काढून घ्यायचा? आणि किती शब्द?

खतावणी

कारखाना आणि पतसंस्था काढली तर परिचयात उरतं काय? गोडी. गोडी तर गावभर सगळ्यांनाच असते.

ताई रोज काय करतात ते आधी मांडा. मुलांना वाद्यं द्यायची म्हणजे प्रत्येक वाद्याला नंबर, दिल्याची तारीख, परतीची तारीख, देतानाची अवस्था, अनामत आणि पालकाची सही. हे सरळ सरळ स्टोअरचं खातं आहे. वाद्यं तालुक्याच्या शाळेत पाठवायची म्हणजे चलन, नगांची मोजणी, बांधणी आणि पोचपावती, म्हणजेच डिस्पॅच. आणि पिग्मीत ४ वर्षं काढलेल्या माणसाला दारात उभं राहून, कुणाचा अपमान न करता, राहिलेली गोष्ट कशी मागायची ते येतं. वर्ष संपल्यावर तबला परत मिळवण्याचं काम याच जातीचं आहे. लहान वाद्यपेढ्या बुडतात त्या वाद्यं परत न आल्यामुळे. तबला वाजवता न येणारा समन्वयक एक वेळ चालतो, खातं न ठेवणारा नाही.

तेव्हा प्रत्येक जुन्या नोकरीला एकच वाक्य द्या, आणि त्यात पदाच्या नावापेक्षा हाताखालून काय गेलं ते येऊ द्या. ‘वरिष्ठ सहायक’ वाचून कुणाला काही कळत नाही. ‘मालाची आवक-जावक आणि साठ्याची नोंद’ कळतं.

क्रम उलटा ठेवा: आजचं काम, पतसंस्था, कारखाना, शिक्षण. जन्मगावापासून सुरुवात केली की आजच्या कामापर्यंत वाचणारा टिकत नाही. दोन नोकऱ्यांमध्ये खंड असेल तर तो समजावत बसू नका, नुसते कालावधी द्या. मात्र हे कालावधी अनुभवपत्राशी ताडून घ्या. कंपनीकडे सीएसआरचा (सामाजिक कामासाठीच्या निधीचा) प्रस्ताव पाठवताना सोबत बायोडेटा जातो. तिथे ५ वर्षं आणि अहवालात ७ असं निघालं की पुढची सगळी कागदपत्रं संशयाने वाचली जातात.

कारखान्याचं नाव घालायची गरज नाही. ‘सोलापुरातील टेरी टॉवेल कारखाना’ म्हटलं की इथल्या वाचकाला सगळं दिसतं.

एक विनंती: ‘मागाच्या खटखटाटात त्यांना ताल सापडला’ असलं वाक्य कुणी सुचवेल, हमखास सुचवेल. घालू नका. डिस्पॅचमध्ये माग नसतात.

शेड्यूल_वन

मसुद्यातले दोन शब्द आजच्या आज काढा.

पहिला ‘विशारद’. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा क्रम असा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि पुढे अलंकार. मध्यमा पूर्ण ही पाचवी पायरी. विशारद म्हणवून घ्यायला अजून दोन बाकी आहेत. ज्या ट्रस्टचं अर्धं काम याच परीक्षांची फी भरणं आहे, त्याच्याच अहवालात ही चूक दिसली तर संगीत शिक्षक पहिल्या पानावरच हसतील. ‘तबल्यात मध्यमा पूर्ण’ एवढंच लिहा, तेही कमी नाही. प्रमाणपत्र समोर ठेवून लिहा, कारण ‘प्रवेशिका पूर्ण’ आणि ‘मध्यमा प्रथम’ यांत लोक नेहमी घोळ घालतात.

उद्या कुणी ‘आकाशवाणी कलाकार’ घाला म्हणालं तर त्याचंही तेच. ऑडिशन होऊन बी, बी हाय, ए किंवा टॉप अशी श्रेणी मिळालेली असेल तरच लिहावं. एखाद्या समूहगानात मागे बसून पखवाज वाजवला म्हणजे ते होत नाही.

दुसरा शब्द ‘विश्वस्त’. तो मानाचा नाही, कायद्याचा शब्द आहे. विश्वस्तांची नावं धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या शेड्यूल १ वर (ट्रस्टच्या अधिकृत नोंदीवर) असतात आणि त्यात बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पगारी समन्वयकाला अहवालात विश्वस्त छापलं, तर शेड्यूल १ वर हे नाव का नाही आणि विश्वस्ताला पगार कोणत्या ठरावाने चालू आहे, असे दोन प्रश्न उभे राहतात. ताळेबंदात पगार खर्ची पडलेला, त्याच पुस्तिकेत चार पानं अलीकडे ती व्यक्ती विश्वस्त! हिशेब तपासनिसाच्या हाती आयतं कोलीत. पद लिहा ‘कार्यक्रम समन्वयक’, आणि नेमणूकपत्रात जे शब्द आहेत तेच.

देसकार

आवडीच्या रकान्याबद्दल. ‘तुम्हाला काय आवडतं’ असं विचारलं की प्रत्येक जण ‘सगळं’ म्हणतो, कारण प्रश्नच परीक्षेसारखा वाटतो. अर्धा-पाऊण तास बसा आणि असलं काही विचारा:

गेल्या महिन्यात शेवटपर्यंत काय ऐकलं? मध्येच काय बंद केलं आणि का? कामाच्या वेळी कानावर असलं तरी चालतं असं काय, आणि हातातलं काम थांबवून ऐकावं लागतं असं काय? हात आपोआप कोणत्या ठेक्यावर जातो? घरात आई-आजी कोणत्या भाषेत गायच्या? कोणता राग पहिल्या मिनिटात ओळखता आणि कशावरून?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जपून ऐका, आवड खरी की छापील ते तिथे कळतं. समजा उत्तर आलं ‘भूप’. मग देसकारपासून वेगळा कसा ओळखता, ते विचारा. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूपात वजन गंधारावर, चाल खालच्या अंगाने. देसकारात धैवतावर, वरच्या अंगाने. हे शास्त्राच्या शब्दांत सांगता आलं नाही तरी बिघडत नाही. ‘एक खाली बसतो, दुसरा वरच घुटमळतो’ एवढं कुणी म्हणालं तरी त्या माणसाने ऐकलेलं आहे. असं वाक्य मिळालं तर ते तसंच, बोलीतच छापा.

पाच-सहा मोठ्या गायकांची नावं ओळीने देणं हा सगळ्यात निरुपयोगी प्रकार. एकच नाव, पण त्याच्या गाण्यात नेमकं काय, ते लिहा.

आणि सोलापूर विसरू नका. एका पेठेत कन्नड वचनं, पूर्व भागात नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा या फुलांच्या सणाची तेलुगू गाणी, जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांपुढची हलगी, शिवाय भजन आणि कव्वाली. इथल्या माणसाचा कान एका भाषेचा नसतोच. ते परिचयात यायला हवं, पण ‘बहुभाषिक संस्कृतीचा वारसा’ अशा शब्दांत नको. कुठलं गाणं, कुठल्या भाषेत, कुठे ऐकलं. बस.

वादी_की_वादी

देसकार यांच्याशी सहमत, पण एक मोठी अट राहिली.

समन्वयकाच्या हातात निवड असते. बैठकीला कुणाला बोलवायचं, फी कुणाची भरायची, वाद्यं कुणाच्या क्लासला आधी द्यायची. अशा माणसाच्या परिचयात ‘आवडते कलाकार’ म्हणून सोलापुरातल्या किंवा जिल्ह्यातल्या हयात कलाकाराचं नाव छापू नका. ज्यांचं नाव नाही ते उद्या म्हणणार, की निवड आधीच ठरलेली होती. जे हयात नाहीत त्यांचं नाव द्या, नाहीतर नुसता प्रकार लिहा. स्वतःचे गुरू हा एवढाच अपवाद, कारण ते नातं लपवणं जास्त वाईट. तेही गुरूंना विचारून, आणि ‘यांच्याकडे इतकी वर्षं तबल्याचं शिक्षण’ एवढ्याच शब्दांत. ‘अमुक घराण्याच्या शिष्या’ म्हणणं फार मोठा दावा आहे. गंडाबंध (गुरूने धागा बांधून रीतसर शिष्य करून घेणं) नसेल तर करू नये.

नावडही छापता येते, पण ती व्यक्तीबद्दल नको, रीतीबद्दल असावी. ‘तयार ट्रॅकवर भजन म्हणणं पटत नाही’ चालेल.

मोबाइल नंबर, घरचा पत्ता, जन्मतारीख नको. ट्रस्टचा ईमेल पुरे. मजकूर आणि फोटो दोन्हींवर ताईंची लेखी संमती घ्या. ‘वेबसाइट, अहवाल, कार्यक्रम पत्रिका’ अशी कुठे कुठे वापरणार ते त्यातच लिहा आणि नोकरी सोडल्यावर वेबसाइटवरून कधी काढणार तेही. फोटोत वाद्य घेतलेलं मूल असेल तर पालकांची संमती वेगळी.

पेटीवाला_सोलापूर

देसकार यांचे प्रश्न विचारले. मिळालं ते जसंच्या तसं:

घरात आजी कन्नड वचनं म्हणायची. अर्थ नंतर कळला, चाल आधी. ठेक्यात झपताल, कारण ‘दोन झाल्यावर तीन येतात तिथे पाय अडखळतो, मग बरं वाटतं’. ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचं गाणं काम थांबवून ऐकतात; ‘श्वास कुठे घेतात ते शोधत बसते, सापडत नाही’. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक स्वतः मळतात, दुसऱ्याने मळलेली चालत नाही. तयार ट्रॅकवरचं भजन आवडत नाही.

आणि एक नोंद: वाद्य देताना रजिस्टरात त्याचा सूरही लिहायची पद्धत त्यांनी सुरू केली. ‘तबला क्र. १४, काळी ४, पुडी नवी’ अशी (काळी ४ म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, पुडी म्हणजे तबल्यावरचं कातडं). हे परिचयात घ्यावं का?

खतावणी

घ्यावं का काय विचारता! अख्ख्या परिचयातलं सगळ्यात दमदार वाक्य तेच आहे. कारखाना, पतसंस्था आणि तबला तिन्ही त्या एका नोंदीत आलं.

त्यात तथ्यही आहे. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी. कातडं आवळतं आणि तबला चढतो. पावसाळ्यात ओल धरून उतरतो. जूनमध्ये काळी ४ ला मिळवून दिलेला तबला एप्रिलमध्ये चढलेला परत आला, तर तो हवेचा परिणाम. फार उतरलेला आला आणि गठ्ठे (सूर चढवा-उतरवायचे लाकडी ठोकळे) वर सरकलेले, वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) सैल असेल, तर कुणीतरी छेडछाड केली आहे. सुरुवातीचा सूर लिहिलेला नसेल तर हे भांडण मिटत नाही आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा हेही ठरत नाही. जाताजाता: मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत वाद्यं ठेवणार असाल तर ती थोडी उतरवून ठेवा, चढलेली पुडी पहिल्याच थापेला फाटते.

मन्सूरांबद्दलचं वाक्य अवतरणात घ्या. दुरुस्त करू नका.

मुद्रितशोधक

दिलेल्या माहितीवरून मसुदा करून दिलाय. वेबसाइटसाठी:

‘ट्रस्टच्या वाद्यपेढीचं खातं त्या सांभाळतात. कोणतं वाद्य कोणत्या मुलाकडे, कधीपासून, कोणत्या अवस्थेत, हे त्यांच्या रजिस्टरात सापडतं. वाद्य देताना त्याचा सूर लिहून ठेवण्याची पद्धत त्यांनीच सुरू केली. परीक्षा शुल्काचे अर्ज, शाळांशी पत्रव्यवहार आणि मासिक बैठकीची तयारी ही त्यांची इतर कामं.

याआधी ४ वर्षं त्या एका पतसंस्थेत पिग्मी ठेवी आणि वसुली पाहत होत्या. त्यापूर्वी ७ वर्षं सोलापुरातील टेरी टॉवेल कारखान्यात आधी स्टोअर आणि मग डिस्पॅच विभागात होत्या. वाणिज्य शाखेच्या पदवीधर. तबल्यात मध्यमा पूर्ण. भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि त्याची कणीक स्वतःच मळतात.

घरातलं पहिलं गाणं म्हणजे आजीची कन्नड वचनं. ठेक्यांत झपताल आवडीचा. त्याच्या ३-२-३-२ अशा दहा मात्रांत “पाय अडखळतो, मग बरं वाटतं”. मल्लिकार्जुन मन्सूर लागले की हातातलं काम थांबतं. “श्वास कुठे घेतात ते शोधत बसते, सापडत नाही.” तयार ट्रॅकवरच्या भजनाशी मात्र त्यांचं जमत नाही.’

साधारण सव्वाशे शब्द झाले. वेबसाइटला दीडशेच्या वर जाऊ नका. अहवालात पहिला परिच्छेद पूर्ण, दुसऱ्यातलं पहिलं आणि दुसरं वाक्य, तिसऱ्यातलं फक्त मन्सूरांचं. कार्यक्रम पत्रिकेत चाळीस शब्द पुरेत, आणि तिथे आवड आधी, नोकरी मागे, कारण ते वाचणारा श्रोता असतो. निवेदकाला द्यायची प्रत वेगळी करा. ‘पिग्मी’ आणि ‘डिस्पॅच’ मंचावरून वाचताना सभागृहात कुजबुज होते. तिथे ‘पतसंस्था आणि वस्त्रोद्योगातला अनुभव’ म्हटलं तरी चालेल.

‘समर्पित’, ‘अथांग सागर’, ‘वाहून घेतलेल्या’ कुठेही येऊ देऊ नका. त्या पगारी आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही.

ट्रेडल_ते_ऑफसेट

छपाईचं तेवढं सांगतो, कारण सगळी मेहनत तिथे वाया जाते.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप झाला असेल आणि प्रेसवाला जुन्या फॉन्टमध्ये घेणार असेल, तर बदलताना ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ तुटतात. ‘तंबोऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘नोकऱ्या’ हे शब्द आधी तपासा. मग ‘ॲ’ आणि ‘ऑ’. ‘डिस्पॅच’मधली चंद्रकोर उडून ‘डिस्पच’ होतं. रफार एक अक्षर मागे किंवा पुढे सरकतो: ‘पूर्ण’, ‘मल्लिकार्जुन’. अवतरण चिन्हं उलटी पडतात. मूळ फाइलचं प्रूफ कितीही नीट वाचलं तरी उपयोग नाही. प्रेसने फॉन्ट बदलल्यावरची पीडीएफ मागवा आणि कागदावर काढून वाचा.

फोटो २ इंच रुंद छापायचा तर ३०० डीपीआयच्या हिशेबाने रुंदीला ६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आवळला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तबल्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे पाहणारा फोटो शक्यतो नको. रजिस्टर उघडं, बाजूला दोन-तीन जोड्या, असा चालेल. पण रजिस्टरातली मुलांची नावं आणि पालकांचे नंबर फोटोत वाचता येणार नाहीत, एवढं बघा.

कन्नड आणि तेलुगू प्रतही काढणार असाल तर मशीनवर भाषांतर करून थेट छापू नका. परीक्षांची नावं आणि ‘पतसंस्था’ हमखास चुकतात.

देसकार

मुद्रितशोधक, मसुदा छान उतरलाय, पण झपताल २-३-२-३ आहे. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. तुम्ही ३-२-३-२ लिहिलंय. ताईंच्याच वाक्यात ‘दोन झाल्यावर तीन येतात’ असं स्पष्ट आहे.

मुद्रितशोधक

बरोबर, चूक माझी. आकडेच काढून टाका. ‘झपतालात दोन झाल्यावर तीन येतात तिथे “पाय अडखळतो, मग बरं वाटतं”’ असं करा.

पेटीवाला_सोलापूर

केलं. ‘विशारद’ आणि ‘विश्वस्त’ दोन्ही काढले. संमतीपत्रावर सही घेतली, त्यावर ताईंनी एकच अट लिहिली: कणकेचं वाक्य ठेवा, पण ‘गव्हाची’ हा शब्द घाला, नाहीतर लोक ज्वारीची मळतील.